सगळ्या गाड्या सारख्या

रात्री साडेनऊला गॅरेजचं शटर खाली ओढलं की टायरवाले काका उलट्या बादलीवर बसतात आणि शिकाऊ पोरं-पोरी भुताची गोष्ट ऐकायला हात पुसत भोवती जमतात. काकांनी अर्धं आयुष्य रेसिंगच्या ट्रॅकवर टायर बदलण्यात घालवलं. ही गोष्ट त्यांच्या तिथल्या मित्राची. सगळे त्याला मिस्त्री म्हणत.

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. हंगामाची शेवटची शर्यत, रात्रीची. मिस्त्री शर्यतीत उतरलेल्या भाच्याची गाडी काढायला शेडमध्ये गेला होता.

त्या स्पर्धेत सगळ्या गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या. इंजिनाला सील. कोण भारी ते गाडीनं नाही, चालवणाऱ्यानं ठरावं, म्हणून गाड्या आयोजकांच्या, आणि शर्यतीआधी चिठ्ठ्या टाकून वाटायच्या. ऐकायला किती छान! पण मागच्या हंगामात एक पोरगा शेवटच्या वळणावर सरळ भिंतीत घुसला आणि गेला. ब्रेकच लागले नाहीत. आयोजक म्हणाले, पोराचीच चूक. मग त्या पोट सुटलेल्या शहाण्यांनी ती गाडी ठोकून-रंगवून घेतली, नवा नंबर चिकटवला आणि गुपचूप बाकीच्यांत मिसळून दिली. कळलं असतं तर ती चिठ्ठी कुणी घेतली असती?

मिस्त्रीला ठाऊक होतं. तिचं वेल्डिंग त्याच्याच हातचं.

भाच्याला तीच आली.

मिस्त्री आत बसला आणि ब्रेक दाबून बघितला. पेडल अर्ध्यावर अडलं. मग हळूहळू वर आलं. त्याच्या पायाला रेटत. खालून कुणीतरी तळवा लावावा तसं.

तो तडक आयोजकांच्या प्रमुखांकडे गेला. "साहेब, पोराला दुसरी गाडी द्या."

"का? भाचा आहे म्हणून?" प्रमुखांनी तपासनीस बोलावला. त्यानं ब्रेक पुन्हा पुन्हा दाबला. दरवेळी नीट लागला. "बघ. सगळ्या गाड्या सारख्या."

"साहेब, ही *ती* गाडी आहे."

"हळू बोल की! एकाला बदलून दिली तर उद्या सगळे मागतील."

मिस्त्रीनं भाच्यालाच गाठलं. "उतर खाली. तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी?"

"मामा, आज सोडली तर वर्षभराचे गुण पाण्यात. मग मला गाडी कोण देणार? तू काय, कुत्रं शिंकलं तरी दचकतोस." हसत हसत त्यानं हेल्मेट चढवलं.

लाल दिवे विझले. गाड्या सुटल्या. मिस्त्री कठड्याशी उभा, कानाला रेडिओ.

"मामा."

"बोल."

"ब्रेकच्या खाली... कुणाचातरी पाय आहे."

"गिअर खाली घे. गाडी बाहेर काढ."

"दाबू देत नाहीये. गिअर पण... मामा..."

मिस्त्री धावला. प्रमुखांच्या काचेवर मुठी आपटत राहिला. "लाल बावटा दाखवा! थांबवा!" आत पाहुणे होते. चहा चालला होता. प्रमुखांनी बोटानं खूण केली. थांब जरा.

"मामा, वळण आलं."

मिस्त्री काच बडवतच होता.

"मामा..."

मग काहीच नाही.

काकांनी फडक्यानं हात पुसले.  वेल्डिंग शिकणारी पोरगी म्हणाली, "काका, यात भूत कुठाय? मारणारी सगळी जिवंत माणसंच आहेत की."

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. म्हातारी माणसं असंच करतात. नेमका प्रश्न आला की बादलीची कड चाचपतात.

"भाच्याच्या गाडीनं रस्त्यावर एक ओरखडा सोडला नव्हता," ते म्हणाले. "ब्रेक लागलेच नव्हते ना. कोरं डांबर. सगळ्यांनी पाहिलं. मिस्त्री रात्रभर तिथंच, त्या भिंतीला टेकून बसला. ट्रॅक बंद. दिवे बंद. एक गाडी फिरली नाही. आवाज नाही... उजाडलं. तर..."

"तर काय?"

"समोर टायरचे काळे पट्टे. पार वळणाच्या मागून आलेले. आणि त्याच्या पायांच्या वीतभर अलीकडे... थांबलेले. वेळेवर थांबलेले, कळलं?"

काकांनी बोट अंगठ्यावर घासलं.

"मिस्त्रीनं बोट लावलं. रबर अजून गरम होतं."