भोंग्यातून आलेली हाक

विश्वास ठेवा, असं मी कुणाला म्हणणार नाही. हे माझ्यासमोर घडलं, आणि तेव्हा मी ना तापात होते, ना झोपेत.

तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. शनिवारची संध्याकाळ.

शहराबाहेरच्या मैदानावर तीन दिवसांचा संगीत महोत्सव होता. लोक तंबू ठोकून तिथेच राहत होते. पाच वर्षांची पिल्लू आणि तीन वर्षांचा गोट्या, दोघांना घेऊन मी एकटीच गेले. नवऱ्याला सुट्टी नव्हती. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, एवढ्याशा पोरांना तंबूत कशाला नेतेस म्हणाल्या. मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. बारा पोरं सांभाळते, पोटची दोन मला जड झाली नसती.

पावणेसात झाले असतील. अजून लख्ख उजेड होता. तंबूच्या दारात बसून मी गोट्याचे पाय पुसत होते. पिल्लू शेजारीच बिस्किट खात होती.

आणि खांबावरचा भोंगा खरखरला...

पाच वर्षांची मुलगी सापडली आहे, निळा फ्रॉक, नाव पिल्लू सांगते, आईने लवकर यावं.

मला हसू आलं. पिल्लूही हसली. निळा फ्रॉक तिच्याही अंगात होता.

पुन्हा खरखर...

धाकट्या भावाचं नाव गोट्या सांगते.

माझं हसू विरलं.

दोघांचे हात घट्ट धरून मी हरवलेल्या मुलांच्या मांडवात गेले. तिथे एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. आज एकही मूल आलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. भोंगा तर दुपारपासूनच बंद होता. लोंबकळणारी तुटकी वायर त्यांनी मला दाखवली.

परत आले. शेजारच्या तंबूतल्या सुतारदादांना विचारलं. त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं.

मी पोरांना घेऊन बसले. तेवढ्यात गाणं थांबलं.

नुसतं गाणं नाही. माणसांचा गलका, पोरांची आरडाओरड... सगळंच. समोर लोक बोलताना दिसत होते, आवाज मात्र नव्हता.

आणि भोंग्यातून पिल्लूचा आवाज आला.

"आई, मी इथे आहे. तुझ्याजवळ बसलीय ती मी नाही."

मी गोट्याला मांडीत ओढलं.

"आई, थर्मामीटर मी फोडला होता. आपण बाबांना सांगितलं नव्हतं. ये ना..."

हे फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं.

मी पिल्लूकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. बिस्किट हातात तसंच. गोट्या माझ्या मांडीत तोंड खुपसून बसला होता.

खोटं कशाला बोलू, मी उठले होते. दोन पावलं टाकलीही.

मग डोकं फिरलं. माझ्या लेकरावर मलाच संशय घ्यायला लावते ही? मी मागे फिरले, पिल्लूला उचलून छातीशी धरलं आणि भोंग्याकडे बघून म्हणाले,

"माझी दोन्ही पोरं माझ्याजवळ आहेत. तू कुणीही अस. मी येणार नाही."

भोंग्यातून रडणं ऐकू आलं.

वॉर्डात मी रोज रडणं ऐकते. हट्टाचं कुठलं, दुखण्याचं कुठलं, लगेच कळतं मला.

ते रडणं खोटं नव्हतं.

हळूहळू ते लांब गेलं... आणि गाणं पुन्हा सुरू झालं.

सुतारदादा म्हणाले, घरी जा. मी गेले नाही. रविवारी सगळं संपल्यावरच तंबू काढला. पुढच्या उन्हाळ्यातही गेले, त्याच मैदानावर, पोरांना घेऊनच. भिऊन घरात बसले असते, तर त्या आवाजाचं खरं मानल्यासारखं झालं असतं.

पिल्लू आता आठ वर्षांची आहे. खाते, भांडते, वर्गात पहिल्या बाकावर बसते. घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. थर्मामीटर कुणी फोडला, एकदा तिला विचारून बघ, असं तो म्हणतो.

विचारणार नाही.

मी हाक मारते, ती ओ देते. ती माझीच आहे.

फक्त कधीकधी, ओ द्यायला तिला जरा उशीर होतो...