पेन्सिलीतला कप्तान

लिफ्टदुरुस्तीवाला लिफ्टच्या खड्ड्यात सापडलेलं कुत्र्याचं लंगडं पिल्लू शर्टात गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात शिरला, तेव्हा टेबलामागच्या मुलीनं आधी पिल्लाकडं पाहिलं. नजर तिथंच थांबली असती, तर पुढचं सगळं टळलं असतं.

“नाव?” तिनं कार्ड काढलं.

“माझं?”

“रुग्णाचं.”

“अजून… ठरलं नाही.”

“मग पेन्सिलनं लिहू. ठरेपर्यंत दर सोमवारी यावं लागेल. नियम आहे.”

दवाखाना तिच्या मामाचा होता. हा नियम मामालाही नवा होता.

टीव्हीवर तेव्हा एक दर्यावर्दी मालिका जोरात होती. पहिल्या सोमवारी त्यानं मालिकेतल्या खलनायकाचं नाव आणलं, ‘काळभुजंग’.

“हा दुधाच्या बशीला घाबरतो,” ती म्हणाली आणि खोडलं. दुसऱ्या सोमवारी मालिकेतल्या जहाजावरचा आचारी खोडला. तिसऱ्या सोमवारी आला थेट नायक, ‘कप्तान’.

“तो दर वर्षी बुडतो.”

“पण परत येतो ना!”

ती हसली… आणि तेही खोडलं. नाव ठरलं, की सोमवार संपला!

आठव्या आठवड्यात मामा म्हणाला, “भाचे, कुत्र्याचा पाय कधीच बरा झाला. या माणसाचं काय दुखतंय?”

नवव्या सोमवारी तो आला, तो खांद्याला बॅग लावूनच.

“कंपनी परदेशी पाठवतेय. तीन वर्षं… आजच निघायचंय. कुत्रा नेता येत नाही.”

“नाव?” दुसरं काय विचारणार?

“कप्तान. तिसऱ्याच सोमवारी ठरलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही खोडलंत… बरं वाटलं.”

“पेन्सिलचा नियम माझाच होता,” ती कार्डाला म्हणाली.

“माहीत होतं. मामांना विचारलं होतं मी.”

एवढं बोलायला दोघांना नऊ आठवडे लागले. त्यानं पट्टा तिच्या हातात दिला; बोटं जरा जास्तच वेळ रेंगाळली.

“कप्तान पेननं लिहा. मालक म्हणून माझं नाव… पेन्सिलनं. परत आलो, की पेननं गिरवा.”

मालिका त्याच महिन्यात बंद पडली. शेवटच्या भागात कप्तान बुडाला. वर यायला भागच उरला नाही. लिफ्टवाल्याची चार पत्रं आली, मग एक नुसतंच चित्राचं कार्ड, मग तेही नाही.

याला सहा वर्षं झाली. कुत्रा सोमवारी दाराशी बसतो. इतर दिवशीही बसतो, पण ते ती धरत नाही. दर वर्षी लस टोचून झाली, की ती मालकाचं पुसट झालेलं नाव पेन्सिलनं पुन्हा गिरवते.

पेन शेजारीच असतं.