फोटोतले दात

"गिरानात विळ्याले हात लावला तू, अन् भोगून राह्यली माही नात!"

भागरताबाईंनी भरल्या घरात ते जुनंच वाक्य सुनेच्या अंगावर फेकलं आणि प्रेमिलानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. सकाळची एसटी गाठून लेकीच्या दातांचा फोटो काढायला चंद्रपूरला जायचं, आणि निघतानाच हे! आचलला बारावं लागलं तरी तोंडात दुधाचेच दात, झिजून झिजून तांदळाच्या कणीएवढे उरलेले... शाळेत पोरी 'बुढी' म्हणून चिडवत आणि ती बिचारी हसायचीसुद्धा ओढणीआड!

दोष कोणाचा? अर्थात सुनेचा! आचल पोटात असताना ग्रहणाच्या दिवशी प्रेमिलानं मासळी कापली, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण त्या दिवशी सासू तापानं फणफणली होती, जाळं भरून आलं होतं, मासळी सडली असती, म्हणून ती विळ्यावर बसली होती, हे तिनं कधी कोणाला सांगितलं नाही. उलट सासूनं घातलेली शपथ मुकाट्यानं पाळली... पोरीचे पक्के दात येईपर्यंत मासा तोंडात घालायचा नाही! ढिवराच्या घरात ती रोज मासे साफ करी, शिजवी, सगळ्यांना वाढी आणि शेवटी स्वतः मिरचीच्या ठेच्याशी भात कालवी.

दवाखान्यात ते यंत्र आचलच्या डोक्याभोवती फिरू लागलं, तेव्हा दाराबाहेर प्रेमिलाचा जीव थाऱ्यावर नव्हता. बसे, उठे, काचेतून डोकावे, पुन्हा बसे. जबड्यात दातच नसले तर? तर जन्मभर हा कलंक... बाकावर सोबत आलेली सासू, आणि नवरा गोविंदा नेहमीसारखाच खाली मान घालून बसलेला!

डॉक्टर सायमा यांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"दात आहेत, ताई! सगळे आहेत, उलट जास्तीचेही आहेत. हाडात अडकून बसलेत, वर येत नाहीत एवढंच."

"हायेत? सारे हायेत?" प्रेमिलाला हुंदका आवरेना.

डॉक्टरांनी आचलच्या पाठीवरून हात फिरवला. "बेटा, दोन्ही खांदे पुढं आणून जुळवता येतात का?"

आचलनं सहज जुळवले. भागरताबाईंचा ऊर अभिमानानं भरून आला!

"हे त आमच्या खानदानाची करामत हाये, बाई! हिचा आजा पोचू असेच खांदे मिटून तलावाच्या तुडुमात शिरे, पाणी सोडाच्या त्या सांदीत गाळ काढाले! दुसऱ्या कोणाची छाती नाई. आता हा गोविंदा शिरते!"

डॉक्टरांनी आचलच्या गळ्याखालचं हाड चाचपलं.

"आजी, गळ्याखालून खांद्याकडे जाणारं हाड यांचं नीट वाढलेलंच नाही, म्हणून खांदे जुळतात. त्याच आजारात दातही अडकतात. जन्मापासूनचं आहे, आणि तुमच्या बोलण्यावरून आजोबांपासून बापाकडं, बापाकडून लेकीकडं आलंय."

"मंग... गिरान?"

"ग्रहणाचा काही संबंध नाही. भाऊ, तुम्ही तोंड उघडा बरं."

गोविंदाचे दात खर्र्याच्या तंबाखूनं गेले, असंच घर समजत आलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "गेले नाहीत. आलेच नाहीत."

भागरताबाईंनी लेकाच्या खांद्यावरून हात फिरवला. बोलायची हीच वेळ होती! प्रेमिलाच्या ओठांवर साऱ्या वर्षांचं विष आलं... पण ज्या खांद्यांच्या कौतुकावर त्या म्हातारीनं वैधव्य काढलं, ते कौतुकच असं ढासळताना पाहून तिनं ते गिळलं. ती एवढंच म्हणाली, "पोट्टीचे दात येतीन ना, बाई?"

"येतील. जास्तीचे काढू, आतले हळूहळू बाहेर ओढू. धीर धरा."

परतीच्या एसटीत प्रेमिला खिडकीची दांडी घट्ट धरून बसली होती. आता घरी गेल्यावर काय? अखेर गोविंदाच बोलला, आयुष्यात पहिल्यांदा!

"माय, त्या दिवशी तुले ताप होता. म्हणून थे विळ्यावर बसली. मी पायलं होतं... अन् मुका राह्यलो."

म्हातारीनं पदर तोंडावर ओढला.

त्या संध्याकाळी भागरताबाई स्वतः चुलीपुढं बसल्या. मरळीचं कालवण रटरटलं. सुनेचं ताट नेहमी शेवटी लागे, आज ते पहिलं लागलं. एकेक काटा काढून त्यांनी तुकडा भातावर ठेवला.

"खाय, माय."

"आत्याबाई, शपथ हाये मले! दात कुठी आले अजून?"

"आले ना! फोटोत दिसले, माह्या डोळ्यानं पायले मी." म्हातारीनं ताट तिच्यापुढं सरकवलं. "तुही शपथ फिटली. आता थे माह्यावर. पोट्टीचा दात वर येतपर्यंत मी मासा नाई खात... एवढं त करू दे मले, पोरी!"

प्रेमिलानं घास उचलला. कितीतरी वर्षांनी मासळीचा घास स्वतःसाठी हातात आला आणि डोळे वाहू लागले. तिनं घास सासूच्याच ओठांशी नेला.

"खा, आत्याबाई. फोटोतले दात मलेबी दिसले, तुमालेबी दिसले. शपथ फिटली, त दोघींची फिटली."

भागरताबाईंनी रडत रडत तोंड उघडलं. समोर बसलेली आचल खळखळून हसली, ओढणी न धरता.