पेवातला कंदील

कलाबाई हणमंतरावांच्या ओसरीवर बसून नुसती रडत होती. वकिली सोडून ते असल्या भानगडी उकलत बसतात, हे साऱ्या आळंदला ठाऊक होतं.

"आमच्या मालकाला खांबाला बांधलंय, रावसाहेब. दुपारी पोलिसात द्यायलेत."

तिचा नवरा ग्यानबा सिद्धव्वाकडे सालदार. सिद्धव्वाच्या लेकीच्या लग्नाचा चांदीचा कमरपट्टा माघात त्यानंच तिच्यादेखत अंगणातल्या ज्वारीच्या पेवात, जमिनीखालच्या कोठारात, ठेवला, वर शेणमातीनं तोंड लिंपलं. आज पेव उघडलं, तर पट्टा नाही. पेव बंद होण्याआधी आत शेवटी उतरलेला ग्यानबा, म्हणून चोर ग्यानबा.

हणमंतराव आपल्या मित्राला, राघोबाला घेऊन निघाले. वाटेत कुणी पेव उघडून आत दोरीनं दिवा सोडला होता. तो विझला.

"उद्या उतरतील," राघोबा म्हणाला. "कोंडल्या हवेत माणूस मरतंय." जन्मभर पेवं भरलेला हा गडी, पण पुढचं काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

सिद्धव्वा संतापलेली होती. "तीन दिस कडगंचीला व्याह्यांकडं होते. काल सांजेला आले."

"गाडी कोण हाकत होतं?"

"ह्योच ग्यानबा. घरी पुतण्या एकटा, चनमल्लप्पा. सकाळी त्यानं पहार घेतली, मी लिंगपूजेला बसले. पूजा संपायच्या आत पेवातून त्याची हाक आली."

"तोंड लिंपलेलं होतं?"

"व्हय, डोळ्यांनी बघितलं."

चनमल्लप्पा गुलबर्ग्याच्या कापडदुकानात वाढलेला. "उघडलं की लगेच उतरलो," तो म्हणाला.

"अंधारात दिसलं?"

"कंदील शेवटपर्यंत लख्ख जळायलाता. कोपरा न कोपरा बघितला."

हणमंतरावांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"माघानंतर पेव आजच उघडलं, असं कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी धरलंय तेच. चार महिने बंद पेवात दिवा टिकत नाही. इथं कंदीलही जळला, माणूसही जगला. म्हणजे आत आधीच वारं खेळलं होतं. ग्यानबा कडगंचीला. घरी तुम्ही एकटे, चनमल्लप्पा. तोंड फोडलंत, उतरायला मात्र अंधार पडू दिलात, तोवर पेव आपोआप हवेशीर झालं; पट्टा काढलात, पुन्हा लिंपलंत. पेवाची रीत ठाऊक असती, तर आज दिवसभर थांबला असता."

चनमल्लप्पाची नजर आतल्या खोलीकडं गेली. पट्टा त्याच्या ट्रंकेत सापडला.

सिद्धव्वानं स्वतः दोर सोडला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "कंदिलाचं तुला तर कळलं असतं. बोलला कामून न्हाईस?"

ग्यानबा मनगटं चोळत होता.

"मला कुणी इचारलं, अक्का?"