दवातली करडई

पौषातल्या त्या सकाळी मी आडवाटेने करडईच्या वावरात शिरलो, आणि माझे धोतर चहूबाजूंनी काट्यांत अडकले. केशरी-पिवळ्या फुलांचा एवढा पसारा मी प्रथमच पाहत होतो... पाहता पाहता वाट सुटली होती.

"पाव्हना, उभाच राहा! हालशात ते धोतर फाटी जाई."

हातांना फडकी गुंडाळलेली एक मुलगी हसत काटे सोडवू लागली. मी अडखळत झुलाल आबांचे घर विचारले.

"त्या मन्हाच आबा शेतस. तेल जोयजे?"

होय, तेलच. मी देवपुरातला शाळामास्तर. आईचे गुडघे आखडले होते. तिला उठून उभेही राहवत नव्हते. कुणीतरी आबांच्या घाण्यावरचे करडईचे तेल सुचवले होते.

"मायले आठेच आना, मास्तर," आबा लेकीकडे पाहत म्हणाले. "तानू चोळी दी."

आई चोपड्याजवळच्या त्या गावी राहिली, आणि शनिवारी शाळा सुटली की मी मोटार गाठू लागलो. तानू तेल कोमट करी, गुडघ्यांवर हलकेच जिरवी. भिजवलेले बी कुटून, फडक्यातून गाळून ती त्याचे दूध काढी. गूळ घालून आईला पाजी. कोवळ्या पाल्याची भाजी, पाकळ्यांचा काढा, पेंड गुरांना... ती सांगत राही, आणि मी ऐकत. एवढ्या काटेरी झाडाने इतके द्यावे! मी त्या बोटांकडेच पाहत राही.

"तुन्हा हातमा काय शे वं पोरी?" आई विचारी.

"हातमा नही माय, तेलमा शे," ती म्हणे, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाही.

फाल्गुनात कापणी आली. ऊन चढले की काटे ताठ होतात, म्हणून पहाटेच्या दवात, ते मऊ असतानाच कापायचे. त्या पहाटे मीही विळा घेतला. शेवटचा पट्टा उरला, तेव्हा धुक्यातून कुणीतरी येताना दिसले. आई! काठीशिवाय, एकटी, बांधावरून चालत...

माझे डोळे भरले. आणि त्याच क्षणी काळजात काहीतरी तुटले. आता इथे येण्याचे कारण उरले नव्हते.

"आते कसाले येशात, मास्तर?" तानूने खाली पाहत विचारले.

"करडई कापायला."

"ती ते आज सरनी."

दव पानांवरून ओघळत होते. सगळे धैर्य ओठांशी आणून मी म्हणालो, "मग... तुझ्यासाठी."

विळ्याची मूठ तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"माले काय सांगतात?" अखेर ती पुटपुटली. "आबा तठे बठेल शेतस."

मी आबांकडे निघालो. जुळवलेले एकही वाक्य आठवेना. आबांनी मला पाहिले, मागे उभ्या लेकीला पाहिले, आणि काही न विचारता पेंढीवरची आपल्या शेजारची जागा हाताने झाडली.