गेम विकायचा राहिला

रुचिकानं गेम विकायला काढला, आणि तो बघायला देवरीहून लोकेंद्र आला. आमगावच्या तिच्या घराच्या दारात हेल्मेट हातात धरून उभा... केसांवर हायवेची धूळ.

"चालते ना बरोबर? एकदा लावून दाखवता काय?"

टीव्हीवर खेळायचा तलवारबाजीचा गेम. नागपूरला नोकरीत असताना तिनं हौसेनं घेतलेला. पण त्यातल्या किल्ल्याच्या दाराशी एक भालेवाला उभा होता, त्यानं इतक्यांदा मारलं की चिडून तिनं सगळं डब्यात भरून ठेवलं. पुढे नोकरीही सुटली, ती घरी आली. डबा तसाच.

तिनं गेम लावला, पण लोकेंद्रसमोरही ती खेळात लगेच मेली.

"तुम्ही मागे काऊन पळता?"

"भाला दिसत नाही काय तुम्हाले?"

"दिसते ना. पण त्याच्या खांद्याकडे पाहा. खांदा हलला का ढाल धरा. त्याच्या आधी नाही."

तिनं श्वास रोखला. खांदा हलला... ठण्ण! भाला बाजूला उडाला, भालेवाला डगमगला, आणि रुचिका खळखळून हसली. चहा घेऊन आलेली आई दारातच थांबली. किती दिवसांनी हसली ही पोरगी.

"आता विकाचा नाही दिसत," लोकेंद्र म्हणाला.

"विकायचाच आहे. पण... याला पाडल्यावर."

"मंग पुढच्या रविवारी येतो."

तो आला. त्याच्या पुढच्या रविवारीही आला. बाहेर धानाची मळणी चालायची, खिडकीतून तणसाच्या पेंढ्यांचा वास यायचा. ती आता मेली तरी हसायची, लगेच पुन्हा उठायची.

"लक्ष कुठं आहे तुमचं?" एकदा तिनं विचारलं.

"खांद्याकडे."

"भालेवाल्याच्या पाहा."

तो कानापर्यंत लाल झाला.

एका दुपारी, एकटीच असताना, तिनं भालेवाल्याला पाडलं. आनंदानं खोलीभर नाचली. मग एकदम थांबली... आता लोकेंद्र गेम घेऊन जाईल. मग येईल कशाला? तिनं खेळ पुन्हा भालेवाला पडण्याआधीच्या जागेवर नेऊन ठेवला.

रविवारी तो आला.

"आज हा पडला, तर एक गोष्ट सांगीन म्हणतो."

तिला वाटलं, गेम आजच नेतो, असंच सांगणार हा. खांदा हलला, तिला दिसलाही. पण ढालीचं बटण तिनं दाबलंच नाही.

लोकेंद्र पडद्याकडे बघत राहिला. "बरं... राहू द्या," म्हणाला. चहा अर्धाच ठेवून निघाला.

त्यानंतर तो आला नाही. तिनं दोनदा फोन हातात घेतला, दोनदा ठेवला. आंब्यांना मोहोर आला तेव्हा त्याचाच फोन आला, रायपूरहून. तिथं नोकरी लागली होती.

"एक विचारू? त्या दिवशी मुद्दाम हरल्या ना तुम्ही?"

"...हो."

"मले वाटलं, मी बोलू नये म्हणून."

"तुम्ही येत राहावं म्हणून हरली मी."



"लग्नाचं विचारणार होतो," तो हळूच म्हणाला. "आता घरच्यांनी पोरगी पाहिली. मी हो म्हणून बसलो."

"चांगलं झालं," ती म्हणाली. 

"गेम विकू नका. छान खेळून राहिल्या होत्या."

फोन ठेवून ती टीव्हीसमोर बसली. भालेवाला पहिल्याच झटक्यात पडला, किल्ल्याचं दार उघडलं. ती आत शिरली.

"कोणाचा फोन होता?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"गेमचं गिऱ्हाईक," रुचिका म्हणाली. "घेत नाही म्हणाला."