दुसऱ्यासाठी खुडलेली पानं

शिवणवालीची पोर आठवडाभर खोकत होती. डॉक्टरांचं औषध चालूच होतं, पण खोकला काही हटेना. शेवटी नणंद म्हणाली, अडुळशाची पानं आण, वाफवून रस काढ आणि मधातून दे. वर बजावलंही, पानं आपल्याच हातानं खुडायची आणि खुडताना रोग्याचं नाव घ्यायचं. एकाची पानं दुसऱ्याला चालत नाहीत. एरवी शिवणवाली हसली असती. पण पोर खोकून खोकून काळीनिळी पडायला लागली की आईचं शहाणपण कुठल्या कुठे पळतं.

अडुळसा होता गल्लीच्या टोकाला, छातीच्या रोग्यांच्या जुन्या इस्पितळामागे. ते बंद पडून जमाना झाला होता. ती पोचली तेव्हा उन्हं कलली होती. झुडपं पुरुषभर वाढलेली, पांढऱ्या फुलांनी लगडलेली, आणि सगळीकडे ओलसर, कडवट वास. तिनं पानाला हात घातला, तोच बंद खिडकीआड कुणीतरी खोकलं... बारीक, दाबून, शेजारच्याची झोपमोड होऊ नये असं.

तिनं हात मागे घेतला. पायरीवर पानांची जुडी दिसली, ताजी, दोऱ्यानं बांधलेली. आता खुडत कोण बसतंय? तिनं ती उचलली आणि मागे न बघता घर गाठलं.

रस पोटात गेला आणि पोर शांत झाली. कूस वळवून झोपलीसुद्धा. शिवणवालीच्या जिवात जीव आला. दिवा लावून ती राहिलेली शिलाई पुरी करायला बसली, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"आई... दार उघड ना."

आवाज तिच्याच पोरीचा होता. मागोमाग खोकल्याची उबळ, आठवडाभर तिनं मांडीवर घेऊन सोसलेली. हजारांत ओळखली असती तिनं. ती धडपडत उठली, कडीला हात घातला.

पलंगावरची पोर डोळे न उघडता म्हणाली, "नका उघडू, बाई... किती वर्षांनी डोळा लागलाय."

शिवणवालीनं दार सताड उघडलं. गल्ली रिकामी होती. खोकला आता लांबून येत होता, बंद इस्पितळाच्या बाजूनं.

"दार लावून घ्या," मागून आवाज आला. "गार वारा सोसत नाही मला."